लाइक हजार, डबे चाळीस

घरातून चालणाऱ्या धंद्याला जाहिरात कधीच परवडली नाही. तो चालला तोंडी प्रसिद्धीवर. शेजारणीने भाजणी नेली, तिच्या जावेला आवडली, जावेने माहेरी कळवलं की झालं. दिवाळीच्या तोंडावर जिन्याखाली हाताने लिहिलेली पाटी लागायची, हळदीकुंकवाला चार ओळखी वाढायच्या आणि एखाद्या मंडळाच्या प्रदर्शनात टेबल मिळालं तर ती मोठी मजल. आज तीच भाजणी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर दिसते, चकलीचा सोऱ्या रीलमध्ये फिरतो आणि पैसे क्यूआर कोडवर जमा होतात. समाजमाध्यमांवर धंदा कसा वाढवावा हे शिकवणाऱ्या कार्यशाळांनाही तोटा नाही. मात्र यातून घरगुती उद्योगाच्या पदरात नेमकं काय पडतं, त्यासाठी काय खर्ची पडतं आणि कुठलं माध्यम कुणाच्या कामाचं, हे एकत्र मांडलेलं फारसं दिसत नाही. म्हणून हा आढावा.

पाटीपासून स्टेटसपर्यंत

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. तो पापड देशभर पोहोचला तो संस्थेच्या शाखा, दुकानदारांचं जाळं आणि पुढे दूरदर्शनवर आलेला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बोलका ससा यांच्या जोरावर. एकट्यादुकट्या बाईच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, १९७५ साली स्थापन झालं; ग्रामीण बचत गटांसाठी ‘उमेद’ अभियान २०११ पासून सुरू झालं. गटांच्या मालाला शहरी गिऱ्हाईक मिळावं म्हणून मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’सारखी प्रदर्शनं भरू लागली. प्रदर्शनात माल खपतो, वाहवाही होते, पण मुंबईकर घरी गेला की सोलापूरच्या चटणीवालीशी त्याचा संबंध संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

ही तूट मोबाइलने भरून काढली. २०१६ हे त्यातलं वळण. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं आणि सप्टेंबरमध्ये जिओमुळे इंटरनेटचे दर कोसळले. जानेवारी २०१८ मध्ये ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे धंद्यासाठीचं मोफत ॲप निघालं. दाखवायला फोटो, बोलायला चॅट आणि पैसे घ्यायला यूपीआय, असं सगळं दुकान एका फोनमध्ये मावलं. मग २०२० ची टाळेबंदी आली. कुणाची नोकरी गेली, कुणाचा पगार अर्धा झाला, हॉटेलं बंद पडली. शहराशहरांत घरगुती डबे, केक, मसाले, मास्क शिवून देणं अशा कामांचं पेव फुटलं आणि सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप हाच बाजार झाला. त्या वेळी सुरू झालेले सगळे उद्योग टिकले नाहीत, पण घरून मागवायची सवय मात्र टिकली.

आधी माल पाहा, मग माध्यम

कार्यशाळांमधला सल्ला बहुधा एकच असतो: पोहोच वाढवा. कारखान्याला तो लागू पडतो, कारण मागणी वाढली की तो यंत्र वाढवतो. घरात दोन हात असतात, फार तर एखादी मदतनीस. समजा, डोंबिवलीतली एक बाई रोज चाळीस डबे करते. तिला रोज जेवणारी चाळीस माणसं हवीत आणि गळती भरून काढायला आणखी दहाबारा जण रांगेत हवेत. तिच्या आमटीचं रील पन्नास हजार लोकांनी पाहिलं, त्यातले बरेचसे नांदेड-नागपूरचे निघाले, तर लाइक मिळतील. गरम डबा तिथवर जाणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न मालाचा. तो टिकतो किती आणि जातो किती लांब? यावरून घरगुती उद्योगाचे ढोबळमानाने तीन गट पडतात. डबा, पुरणपोळी, मोदक, केक हा नाशवंत माल पाच-सात किलोमीटरच्या आत खपतो. मसाले, भाजणी, पापड, लोणची, साड्या, हाताने केलेले दागिने हा टिकाऊ माल कुरिअरने कुठेही जातो. तिसरा गट सेवांचा: शिवणकाम, मेंदी, शिकवण्या, गाण्याचे किंवा योगाचे ऑनलाइन वर्ग. पहिल्या गटाला शेजार हवा, दुसऱ्याला परकं गिऱ्हाईक हवं, तिसऱ्याला नाव हवं. तिघींनी एकाच पद्धतीने जाहिरात केली तर दोघींची मेहनत वाया जाते.

व्हॉट्सॲप: ओळखीचा बाजार

नाशवंत मालासाठी व्हॉट्सॲपला आजही तोड नाही. बिझनेस ॲपमध्ये मालाची फोटो-किमतीसह यादी लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं साठवता येतात, ‘पैसे आले’, ‘माल पोचला’ अशी लेबलं ऑर्डरना लावता येतात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण तो निरोप ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. अनेकींना ही अट अडचणीची वाटते. खरं तर ती चाळणी आहे. ज्याने नंबर जतन केला, त्याला तुमच्याकडून पुन्हा घ्यायचं आहे. त्यामुळे पहिल्या डब्याबरोबर “नंबर सेव्ह करा, मेनू रोज येईल” एवढं सांगणं ही या माध्यमातली सगळ्यात फायद्याची जाहिरात.

चांगला निरोप कसा असतो? पुण्यातल्या एखाद्या मोदकवालीचा असा असू शकतो: “परवा संकष्टी. उकडीचे मोदक, नग ३५ रुपये. कमीत कमी ११. ऑर्डर उद्या रात्री ८ पर्यंत. परवा दुपारी ४ ते ६ घरून न्यायचे, कर्वेनगर. आगाऊ पैसे.” यात एक विशेषण नाही. काय, कितीला, कधीपर्यंत, कुठून, पैसे कसे, या पाच प्रश्नांची उत्तरं मात्र आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला फक्त आकडा लिहून पाठवायचा उरतो. याउलट गुलाबाची फुलं, हात जोडलेले इमोजी आणि “प्रेमाने बनवलेले, चविष्ट, दर्जेदार” एवढाच मजकूर असेल तर चाळीस जण किंमत विचारतात आणि चाळिसांना उत्तरं देताना मोदकांच्या पाऱ्या वळायच्या राहतात.

व्हॉट्सॲपची मर्यादाही ओळखीचीच. नवा माणूस इथे आपणहून येत नाही. शिवाय न विचारता लोकांना ग्रुपमध्ये ओढलं, दिवसातून चारदा निरोप टाकले तर लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात, आणि तक्रारी साचल्या की नंबरच बंद होऊ शकतो. सोसायटीच्या ग्रुपवरही तारतम्य लागतं. पाण्याच्या टँकरची चर्चा चालू असताना मध्येच कुर्त्यांचे तीस फोटो आले तर गिऱ्हाईक मिळत नाही, नाराजी मिळते. अनेक सोसायट्यांनी खरेदी-विक्रीसाठी वेगळा ग्रुप काढला आहे. नसेल तर तो काढायला लावणं सगळ्यांच्याच सोयीचं.

इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब: परक्यांचा बाजार

टिकाऊ आणि देखण्या मालाला इन्स्टाग्राम लाभतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण हलव्याच्या दागिन्यांचं. संक्रांतीचा हा धंदा वर्षातून काही आठवड्यांचा. बोरन्हाणाचा मुकुट आणि बाजूबंद, नव्या सुनेचं मंगळसूत्र, जावयासाठी हार. पूर्वी त्यासाठी दादर किंवा तुळशीबाग गाठावी लागे. आता काळ्या कापडावर मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र दागिन्यांचा एक फोटो बंगळुरूच्या मराठी कुटुंबाकडून ऑर्डर आणतो. पण जानेवारीत फोटो टाकून उपयोग नाही. करायला लागणारे दिवस आणि कुरिअरचे दिवस धरले तर फोटो डिसेंबरच्या सुरुवातीलाच दिसायला हवेत, म्हणजे नमुने नोव्हेंबरातच तयार हवेत. राखी, गौरीची सजावट, दिवाळीचे आकाशकंदील, रुखवत या सगळ्यांना हाच हिशेब लागू आहे. फोटोसाठी स्टुडिओ लागत नाही. खिडकीतला सकाळचा उजेड, मागे एकरंगी कापड आणि आकार कळावा म्हणून शेजारी हात किंवा वाटी, एवढं पुरतं.

फेसबुकवर तरुण मंडळी कमी झाली, पण चाळिशीच्या पुढचा खरेदीदार तिथे आहे आणि साड्यांच्या लाइव्ह विक्रीत तो घटकाघटका रमतो. तिथला खरा बाजार पेजवर भरत नाही, ग्रुपवर भरतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून धंद्याच्या पेजची फुकटची पोहोच आटत गेली. पैसे भरून पोस्ट ‘बूस्ट’ करायची तर आपल्या ठिकाणापासून किती किलोमीटरपर्यंत दाखवायची हे ठरवता येतं. हे न ठरवता बटण दाबणाऱ्यांचे पैसे दूरदूरच्या लाइकांत जातात.

फेसबुकवरची एक सवय मात्र धंद्याच्या मुळावर येणारी आहे. फोटोखाली कुणी विचारतं, “किंमत?” आणि उत्तर येतं, “इनबॉक्स केलं आहे.” खालोखाल असे वीस प्रश्न, वीस तीच उत्तरं. स्पर्धकाला भाव कळू नये हा त्यामागचा हेतू, पण स्पर्धकही इनबॉक्समध्ये विचारू शकतोच. अडतं ते संकोची गिऱ्हाईक. किंमत न दिसणाऱ्या दुकानात पायरी चढायला जसा माणूस बिचकतो तसंच हे आहे.

यूट्यूबचा नफा सावकाश येतो, पण टिकतो. स्टेटस चोवीस तासांत जातो, रील आठवड्याभरात विरतं. पाककृतीचा व्हिडिओ मात्र दर श्रावणात, दर दिवाळीत नव्याने शोधला जातो. ‘मधुराज् रेसिपी’ हे मराठीतलं सर्वपरिचित उदाहरण. आधी पाककृती, मग विश्वास आणि त्यानंतर त्याच नावाचे मसाले. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी सत्तरीत, नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनेल उभं केलं आणि ते गाजलं. या दोन्ही ठिकाणी क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी लोकांच्या कामाचं काहीतरी फुकट दिलं गेलं. ज्या चॅनेलवर पहिल्या दिवसापासून ‘ऑर्डरसाठी संपर्क’ असतो, तिकडे कुणी दुसऱ्यांदा फिरकत नाही.

समाजमाध्यम म्हणता येणार नाही, पण गुगल मॅपवरची नोंदही इथेच सांगायला हवी. “जवळचा डबा”, “जवळचा टेलर” असं शोधणाऱ्याला आजच गरज असते. घरातून काम करणाऱ्यांना तिथे पत्ता झाकून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. एकट्या राहणाऱ्या किंवा दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या स्त्रियांसाठी ही सोय मोलाची आहे.

स्वतःचं न बनवता विकणाऱ्या

आणखी एक मोठा वर्ग रीसेलिंगवाल्यांचा. २०१५ साली सुरू झालेल्या ‘मीशो’ने हा मार्ग रूढ केला: कंपनीच्या मालाचे फोटो आपल्या ग्रुपवर टाकायचे, भावात आपला वाटा मिळवायचा आणि माल परस्पर गिऱ्हाइकाकडे जायचा. भांडवल लागत नाही हे खरं. पण तोच कुर्ता, तोच फोटो आणि दोन वेगळे भाव एकाच सोसायटीतल्या दोघींकडून दिसू लागले की नफा घसरतो. माल खराब निघाला तर कंपनी दूर असते, शेजारीण दारात असते. सुरुवात म्हणून हा मार्ग ठीक. यात टिकल्या त्या बहुधा माल निवडून, आधी स्वतः मागवून, पारखून विकणाऱ्या.

घर भाड्याचं आहे

हजारो फॉलोअर जमले तरी ती जागा आपली नसते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. इन्स्टाग्रामने पुढच्याच महिन्यात भारतात रील आणलं, पण तिकडे सगळ्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास एकदम बंद पडली. नवरात्राला तीन दिवस उरले होते. ज्यांच्या ऑर्डर फक्त चॅटमध्ये होत्या त्यांच्याकडे कुणाचं काय आणि किती, याची नोंदच नव्हती. ‘आपली आजी’ चॅनेलही २०२० मध्ये हॅक झालं होतं. ते काही दिवसांनी परत मिळालं, पण तसं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

उपाय स्वस्त आहेत. खात्याला दुहेरी पडताळणी लावायची. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते आणि आवडीनिवडी आठवड्यातून एकदा वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवायच्या. ‘साठे काकूंना तिखट कमी’ ही नोंद कुठलंही ॲप तुमच्यासाठी ठेवत नाही.

घरगुती विक्रेत्यांना लुबाडायची एक ठरलेली पद्धतही आहे. स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवणारा मोठी ऑर्डर देतो, भावात घासाघीस करत नाही आणि “पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा” म्हणतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवायचं. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

कागद आणि कायदा

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या उत्पादकांसाठी ती साधी आणि ऑनलाइन आहे, आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. अनेकजणी हे टाळतात, पण हा क्रमांक जाहिरातीच्याच कामाचा आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला तुमच्या स्वयंपाकघराबद्दल खात्री देणारी दुसरी खूण नाही. पाकीटबंद मालावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, घटक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. मालाच्या विक्रीवर राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सेवांसाठी ही मर्यादा २० लाख. लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहायचं. लघु अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० पासून असलेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं.

फुकट माल देऊन इन्फ्लुएन्सरकडून स्तुती करून घ्यायची असेल तर ती जाहिरात आहे हे सांगणं बंधनकारक आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. अनुभव असा की घरगुती मालाला प्रसिद्ध चेहऱ्यापेक्षा गल्लीतल्या गिऱ्हाइकाने टाकलेला ताटाचा फोटो जास्त गिऱ्हाईक देतो.

सातासमुद्रापार फराळ

परदेशातले मराठी लोक हे टिकाऊ मालाचं जुनं गिऱ्हाईक. फराळाच्या ऑर्डर ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात. या बाजारात सरकारी निर्णय किती आत शिरतात ते २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने ऑगस्टअखेर अमेरिकेची पार्सलं थांबवली आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. दिवाळी त्याच आठवड्याच्या शेवटी सुरू होत होती. चकल्या तळून तयार असलेल्यांना महागडं खासगी कुरिअर धरावं लागलं किंवा पैसे परत करावे लागले. परदेशी ऑर्डर घेताना पोहोचण्याची हमी न देणं आणि कर कोणी भरायचा हे आधीच लिहून ठरवणं म्हणूनच गरजेचं. तिकडच्या मराठी बायकाही घरून विकतात, पण तिथले नियम वेगळे. कॅलिफोर्नियात २०१३ पासून लागू असलेला ‘कॉटेज फूड’ कायदा सहजी न नासणाऱ्या, ठरवून दिलेल्या पदार्थांपुरताच आहे.

फोन कुणाचा, वेळ कुणाची

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के. म्हणजे अनेक ‘महिला उद्योजक’ नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर धंदा करत होत्या, आणि क्यूआर कोडला जोडलेलं खातंही बहुधा त्याचंच. फोन, सिम आणि बँक खातं बाईच्या नावावर असणं ही पहिली पायरी, लोगो नंतर.

दुसरा खर्च वेळेचा, जो कुणी हिशेबात धरत नाही. फोटो, मजकूर, उत्तरं, पार्सल, तक्रारी हे सगळं स्वयंपाक आणि मुलांच्या अभ्यासातून उरलेल्या वेळात. रात्री अकराला “ताई, उद्या मिळेल का?” असा निरोप येतो आणि उत्तर न दिल्यास गिऱ्हाईक जाईल ही धास्ती असते. ऑर्डर घेण्याची वेळ जाहीर करणाऱ्या आणि ती पाळणाऱ्या घरगुती विक्रेत्या गिऱ्हाईक गमावत नाहीत, उलट त्यांचा वचक राहतो. फोन हातात असलेला वेळही कामाचाच आहे. किंमत ठरवताना तेल-डाळीबरोबर तोही धरायला हवा.

सगळं पाहता निष्कर्ष असा निघतो. समाजमाध्यम पहिली ओळख फुकट किंवा जवळपास फुकट करून देतं, आणि ही घरगुती उद्योगाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येतं ते चव, शिवण, वेळ आणि शब्द पाळल्यामुळे; तिथे कुठलंही ॲप मदतीला येत नाही. म्हणून फॉलोअरचा आकडा बाजूला ठेवा. या आठवड्यात किती ऑर्डर झाल्या आणि त्यातल्या किती जुन्या गिऱ्हाइकांच्या, हे दोन आकडे दर रविवारी वहीत लिहा. जुन्यांचा आकडा वाढत असेल तर धंदा ठीक चालला आहे. तो घटत असेल तर नवं रील करायच्या आधी गेल्या महिन्यात न आलेल्या पाच जणांना फोन करा आणि का आला नाहीत ते विचारा.